व्यवसाय : गृहिणी

भावाच्या घरी जेवणं आटोपली, टेबल पुसून घेतलं आणि वकीलबाईंनी दिलेले कागद पसरले. मालमत्ता आणि देण्यांच्या शपथपत्राचा नमुना. कोर्टात याला सगळे 'असेट्स-लायबिलिटीज' म्हणतात, एका दमात, शेंगदाणे-फुटाणे म्हणावं तसं. सुरुवात सोपी होती. नाव, वय, शिक्षण, लग्नाची तारीख, वेगळं राहायला लागल्याची तारीख. मग 'व्यवसाय'. तेरा वर्षं शाळेच्या, गॅसच्या, बँकेच्या प्रत्येक फॉर्मवर जे लिहीत आले, तेच लिहिलं : गृहिणी. पुढे मासिक उत्पन्न. तिथे लिहिलं : निरंक.

या दोन शब्दांनी मला पुढे दोन वर्षं छळलं.

ही २०२१ सालची गोष्ट. खटला आता संपला आहे. विवाहाच्या खटल्यांचा तपशील छापायला कायद्याची मनाई आहे, म्हणून गावाचं नाव देत नाही आणि आकडेही थोडे इकडचे तिकडे केले आहेत. नाशिक जिल्ह्यातला द्राक्षाचा पट्टा, एवढं पुरे. नवऱ्याचं आणि धाकट्या दिराचं ठिबक, पाइप आणि मोटारींचं दुकान. तेरा वर्षं मी त्याला 'अहो' म्हणत आले. इथे सोयीसाठी नवरा म्हणते.

१. नमुना पुढून वाचा, मधून नाही.

मी मधूनच वाचला. या शपथपत्रात एक भाग असा असतो, की त्यात समोरच्या जोडीदाराचं शिक्षण, कमाई, मालमत्ता, देणी यांतलं आपल्याला जे माहीत असेल ते लिहायचं. मी थेट त्या पानावर गेले आणि एका बैठकीत ते भरून टाकलं. दुकान, दुकानामागचं गोदाम, दोन गाड्या, शेती, गावातलं घर, सासऱ्यांच्या नावचा गाळा. जागा पुरेना, तेव्हा मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. माझ्या स्वतःच्या रकान्यांना मिळाली असतील दहा मिनिटं.

हा नमुना आला कुठून, हे मला वकीलबाईंनी नंतर सांगितलं. ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'रजनेश विरुद्ध नेहा' या खटल्यात निकाल दिला. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि आर. सुभाष रेड्डी यांचं खंडपीठ. प्रकरण आपल्याकडचंच, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडून वर गेलेलं. बायकोने २०१३ मध्ये पोटगी मागितलेली आणि तीही अंतरिम, म्हणजे मूळ खटला चालेपर्यंतची. तिचा निकाल वरच्या कोर्टात लागेस्तोवर २०२० उजाडलं. निकालात न्यायालयाने एक गोष्ट स्वच्छ लिहिली आहे : बायको गरजा फुगवून सांगते, नवरा कमाई दडवतो, आणि खालचं कोर्ट अंदाजाने आकडा ठरवतं. म्हणून देशभरासाठी एकच नमुना ठरला. हिंदू विवाह कायदा, घरगुती हिंसाचाराचा कायदा, जुनं १२५ कलम (आता नव्या संहितेत ते १४४ झालंय), कुठूनही पोटगी मागा, शपथपत्र दोघांनी द्यायचं. ते 'दोघांनी' मला तेव्हा ऐकू आलं नाही.

इथे एक बारकी गोष्ट. माझी मावसबहीण मडगावला असते. तिला वाटत होतं की एवढं सगळं उघड झालं की अर्धं मला मिळणार. गोव्यात तसं आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक धरतात आणि वेगळं होताना ती मोजून वाटतात. आपल्याकडे तसं नाही. नवऱ्याच्या नावचं ते नवऱ्याचं, बायकोच्या नावचं ते बायकोचं. महाराष्ट्रात हे शपथपत्र वाटणीसाठी नसतं, पोटगी किती हे ठरवण्यासाठी असतं. अर्ध्या दुकानाची स्वप्नं पाहत कोणी बसू नये.

२. किरकोळ उत्पन्न हेही उत्पन्नच.

मी पाचवी आणि आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या शिकवण्या घेत होते. माहेरी आल्यावर सुरू केल्या. करोनाचे दिवस, सगळं मोबाइलवर. अकरा मुलं, महिन्याला ८०० रुपये फी. मुलाच्या वह्या, इंटरनेट आणि माझी औषधं सुटायची. याला काय उत्पन्न म्हणायचं, असं मला मनापासून वाटत होतं. लबाडी करते आहे असं वाटलंच नाही, आणि मला वाटतं बहुतेक बायकांचं असंच होत असेल. पिको-फॉल, डबे, मेंदी, ब्लाउज, भिशीचे पैसे. पैसे घरात येतात, पण त्यांना नाव नसतं.

नवऱ्याचं म्हणणं आलं. आमच्याकडे कोर्टात 'से' आला म्हणतात. वकीलबाईंच्या ऑफिसात पंखा फुल्ल होता आणि कागद उडू नयेत म्हणून त्यांनी त्यावर स्टेपलर ठेवला होता. त्यांनी सातवं पान उघडून माझ्यासमोर सरकवलं. माझ्याच व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसचा फोटो. 'शिष्यवृत्ती वर्ग, इयत्ता पाचवी व आठवी, प्रवेश सुरू.' खाली माझा नंबर, आणि मी हौसेने टाकलेलं पुस्तकाचं चित्र. पुढच्या पानावर माझ्या बँकेचं स्टेटमेंट. ते नवऱ्याने मिळवलेलं नव्हतं, मीच माझ्या शपथपत्राला जोडलेलं. त्यावर पिवळ्या रंगाने ओळी आखलेल्या. दर महिन्याच्या १ ते ७ तारखेच्या आत ८००, ८००, ८००, शेजारी पालकांची नावं. तळाशी पेनने बेरीज : ८,८००. बेरीज बरोबर होती.

"ताई," वकीलबाई म्हणाल्या, "हे आठ हजार आठशे तुम्ही लिहिले असते तर पोटगी थोडी कमी झाली असती, बस. आता तुम्ही दुधाचं बिल दिलं तरी ते म्हणणार, यांचं काय खरं धरायचं?"

कमावत्या बायकोला पोटगी मिळत नाही, हा समज चुकीचा आहे. त्याच निकालात न्यायालयाने सांगितलंय, की बायको काही कमावते एवढ्यावरून तिचा हक्क जात नाही. त्या कमाईत ती सासरच्या राहणीमानाने राहू शकते का, हे बघायचं. म्हणजे लपवून माझा फायदाही नव्हता. शपथपत्राच्या शेवटी एक परिच्छेद असतो : मी सर्व उत्पन्न, खर्च, मालमत्ता आणि देणी पूर्ण व खरी सांगितली आहेत, खोटं निघाल्यास तो गुन्हा आहे. न्यायालयापुढे खोट्या पुराव्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. त्या परिच्छेदाखाली माझी सही होती. वाचला नव्हता.

आम्ही दुरुस्त शपथपत्र दाखल केलं. व्यवसाय : शिकवणी. आईच्या नावावर एक मुदत ठेव होती, त्यात माझं नाव दुसरं, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' अशा धर्तीची. तीही लिहिली आणि पुढे खुलासा केला, की पैसे आईच्या पेन्शनचे आहेत, पहिलं नाव तिचं आहे. दुसऱ्याच्या पैशावर आपलं नाव असेल तर तसं लिहून खुलासा द्यावा. न लिहिता सापडलं तर खुलाशाला कोणी विचारत नाही. अंतरिम आदेशात माझ्या या दुरुस्तीची नोंद आली. तो परिच्छेद मला अजून पाठ आहे.

३. बँकेचं स्टेटमेंट मासिकासारखं चाळू नका, ओळ न ओळ वाचा.

नमुन्यात तीन वर्षांची स्टेटमेंटं मागतात, सगळ्या खात्यांची. आयकर विवरणपत्रं तीन टप्प्यांची : लग्नाआधीच्या वर्षाचं, वेगळं होण्याआधीच्या वर्षाचं आणि अर्ज केला तेव्हाचं. नमुना करणाऱ्याला माणसं ओळखता येत असावीत. भांडण सुरू झाल्यावर उत्पन्न अचानक रोडावतं, ते या तीन विवरणपत्रांत शेजारी शेजारी दिसतं.

नवऱ्याने दोन खाती जोडली होती. भावाने आणि मी रविवारी दुपारी बसून ती वाचली. तीन खुणा ठरवल्या : दर महिन्याला ठरावीक तारखेला जाणारी रक्कम, वर्षातून एकदाच जाणारी रक्कम, आणि आली तशी दोन-चार दिवसांत निघून गेलेली रक्कम. पहिलीत दोन विमे आणि एक म्युच्युअल फंडाची एसआयपी निघाली. मालमत्तेच्या यादीत तिघांचाही पत्ता नव्हता. दुसरीत दरवर्षी एप्रिलमध्ये २,३६० रुपये कापले गेले होते. भावाने कॅल्क्युलेटरवर मांडून पाहिलं : २,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. लॉकरचं भाडं. आमचा दोघांचा लॉकर दुसऱ्या बँकेत होता आणि तो आम्ही कधीच सोडून दिला होता. हा कोणाचा? तेरा वर्षांत मला माहीत नसलेली ही पहिलीच गोष्ट नव्हती; पण कागदावर सापडलेली पहिली.

बँकेत न दिसणारा पैसाही आठवून लिहावा लागतो. दुकानदाराच्या घरात पिग्मी असतेच. संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला पतसंस्थेचा माणूस यंत्र घेऊन दुकानात यायचा, गल्ल्यातून पाचशेची नोट घ्यायचा, चिठ्ठी फाडून द्यायचा. त्या चिठ्ठ्या मी तारेला अडकवून ठेवायची. रोजचे पाचशे म्हणजे महिन्यातले पंचवीस दिवस धरले तरी वर्षाचे दीड लाख. जोडीदाराच्या मालमत्तेच्या रकान्यात मी आधी मोघम 'भरपूर ठेवी' लिहिलं होतं. दुरुस्तीत लिहिलं, कोणत्या पतसंस्थेत, रोज किती, कधीपासून. 'भरपूर'वर कोर्ट काही विचारू शकत नाही. पतसंस्थेचं नाव दिलं, तर तिथून उतारा मागवता येतो.

तसंच आयकर खात्याच्या संकेतस्थळावर २०२१ च्या नोव्हेंबरपासून वार्षिक माहितीपत्रक मिळतं, त्याला एआयएस म्हणतात. व्याज, लाभांश, शेअर आणि फंडांची खरेदी-विक्री, सगळं पॅनवर एकत्र. ते ज्याचं त्यालाच काढता येतं. पण 'समोरच्याने एआयएस हजर करावं' असा अर्ज आपल्याला करता येतो. आम्ही केला.

४. विकून टाकलेल्याचाही रकाना असतो.

हा रकाना मला सगळ्यात शहाणा वाटतो. लग्न असताना जी मालमत्ता विकली किंवा दिली, तिचा तपशील आणि विकण्याचं कारण थोडक्यात लिहा. नवऱ्याने तिथे लिहिलं होतं : लागू नाही.

आमचा एक प्लॉट होता, सिन्नरच्या बाजूला, नवऱ्याच्या नावावर. घर बांधायचं म्हणून घेतलेला. त्याच्या भूमिपूजनासाठी मी एक साडीही बाजूला काढून ठेवली होती. तो यादीत दिसेना. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर गाव, वर्ष आणि गट नंबर घालून दस्त शोधता येतात. सूची क्रमांक दोन निघते. त्यात दस्ताचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, क्षेत्र, लिहून देणार, लिहून घेणार, तारीख, मुद्रांक शुल्क, सगळं एका पानावर असतं. माझ्या वकिलांची नोटीस जायच्या चार महिने आधी खरेदीखत झालं होतं. मोबदला ११ लाख. लिहून घेणार : माझी जाऊबाई.

दिवाळीत आम्ही दोघी एका ताटात चकल्या पाडत होतो, तेव्हा तो तिच्या नावावर झालेला होता. तिला तरी तेव्हा माहीत होतं का, कोण जाणे. सही करायला नेलं असेल. मी तिच्यावर राग धरला नाही, म्हणजे धरला, पण टिकला नाही.

आता स्टेटमेंटमधली तिसरी खूण उपयोगी आली. ११ लाख खात्यात आले, आणि चौथ्या दिवशी दिराच्या खात्यात गेले. सूची क्रमांक दोन आणि स्टेटमेंटचं ते पान शेजारी शेजारी जोडलं. वकीलबाई म्हणाल्या, "यावर मला बोलावंच लागणार नाही."

प्लॉट परत आला नाही. पण 'माझी महिन्याची कमाई अठरा हजार' या त्याच्या वाक्यावर नंतर कोणी विश्वास ठेवला नाही.

५. शेतीचं उत्पन्न आयकराला दिसत नाही, गावाला दिसतं.

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे विवरणपत्रात द्राक्षबाग जवळजवळ अदृश्य होते. न्यायालयाने शेतकऱ्यांसाठी नमुन्याची वेगळी पुरवणी केली आहे. जमीन किती, बागायत की जिरायत, कोणतं पीक, दूध-कोंबड्यांसारखा जोडधंदा, कर्ज. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो. आठ-अ आणि फेरफार सोबत काढावेत. नावं कधी चढली, कधी कमी झाली ते फेरफारात दिसतं. वडिलोपार्जित मालमत्तेतला हिस्साही नमुन्यात लिहायचा असतो. आमच्याकडे जमीन सासऱ्यांच्या नावावर होती, त्यामुळे नवरा म्हणाला, माझं काय त्यात. पण पीक पाहणीत द्राक्ष होतं, सोसायटीचं पीककर्ज नवऱ्याच्या सहीने होतं, आणि व्यापाऱ्याकडचे पैसे त्याच्याच खात्यात आले होते. एका वर्षी अवकाळीने बाग झोपली, तेही मी लिहिलं. वकीलबाईंनी भुवया उंचावल्या. म्हटलं, खरं आहे ते.

६. कर्ज किती यापेक्षा कुणाचं, हे विचारा.

नवऱ्याच्या देण्यांच्या रकान्यात गाडीचा हप्ता होता, वाढवलेली विम्याची रक्कम होती आणि मामांकडून हातउसने ९ लाख. पगारातून सक्तीने कापलं जाणारं आणि स्वतःच्या हौसेने लावून घेतलेलं यांत कोर्ट सहसा फरक करतं. नवी गाडी घेऊन हप्ता दाखवला म्हणून पोटगी कमी होत नाही. हातउसन्याची गंमत वेगळी. वकीलबाईंनी एवढंच विचारलं, की पैसे चेकने की रोख. उत्तर आलं : रोख. वीस हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीत घ्यायला आयकर कायद्याची बंदी आहे. म्हणजे एक तर कर्ज खोटं, नाही तर दंडाची तयारी. पुढच्या तारखेला ते ९ लाख देण्यांतून गळाले. मामा कोर्टात आलेच नाहीत.

७. दुधाची वही जपून ठेवा.

खर्चाच्या यादीत गोल आकडे घालू नका. मी पहिल्यांदा किराणा १५,०००, इतर १०,००० असं लिहिलं होतं. 'इतर' म्हणजे काय, या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मग दुधाची वही, वाण्याची बिलं, शाळेच्या पावत्या आणि रिक्षावाल्या काकांचे महिन्याचे पैसे मांडले. गणवेश, दप्तर, पावसाळी बूट असा वर्षातून एकदा येणारा खर्च बाराने भागला. आकडा पहिल्यापेक्षा कमी आला. आणि तो टिकला.

८. सोन्याची यादी अल्बमवरून करा.

दागिन्यांचा रकाना आहे, पण आठवणीवर भरला तर भांडण होतं. मी लग्नाचा अल्बम उघडून बसले. पाटल्या, तोडे, ठुशी, माहेरचं गंठण, सासरची बोरमाळ. बहुतेकांच्या पावत्या आईने पितळी डब्यात ठेवल्या होत्या. नवऱ्याचं म्हणणं होतं की सोनं माझ्याकडेच आहे. २,३६० रुपयांचा तो लॉकर आठवतो ना? कोर्टाच्या आदेशाने उघडला तेव्हा त्यात तोडे आणि ठुशी मिळाली, बोरमाळ नाही. स्त्रीधन बायकोचंच, नवऱ्याचा त्यावर हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा एकदा बजावलंय. पण ते कोणतं आणि किती, हे आपणच सांगायचं असतं.

९. पासवर्ड माहीत असला तरी उघडू नका.

मला त्याच्या ईमेलचा पासवर्ड माहीत होता. मुलाच्या जन्मतारखेचाच होता. एका रात्री बोटं शिवशिवली. वकीलबाईंनी आधीच ताकीद दिली होती, म्हणून वाचले. दुसऱ्याचं खातं चोरून उघडणं हा वेगळा गुन्हा होतो, आणि मग आपणच आरोपी. सरळ रस्ते आहेत : कागद हजर करण्याचा अर्ज, लेखी प्रश्नावली, बँकेच्या अधिकाऱ्याला साक्षीचं समन्स. कौटुंबिक न्यायालयाला पुराव्याच्या बाबतीत थोडी मोकळीकही आहे. वाद सोडवायला उपयोगी वाटलेला कागद ते विचारात घेऊ शकतं.

माहितीच्या अधिकाराबद्दल खूप जणी विचारतात. दुसऱ्याचं आयकर विवरणपत्र त्या वाटेने सहसा मिळत नाही; ती खासगी माहिती आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ठरवलं. नवरा सरकारी नोकर असेल तर मात्र वेगळं. पोटगीच्या वादात पगाराची माहिती बायकोला द्यावी, असा निकाल नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये दिलाय. ठिबकच्या दुकानदाराच्या बायकोला त्याचा काही उपयोग नाही.

१०. चार आठवडे म्हणजे चार आठवडे नव्हेत.

समोरच्याने चार आठवड्यांत शपथपत्रासह उत्तर द्यावं, जास्तीत जास्त दोन संधी मिळाव्यात, मुद्दाम टाळाटाळ केली तर त्याचा बचाव रद्द होऊ शकतो. कागदावर सगळं आहे. हिंदू विवाह कायद्याच्या २४ व्या कलमात तर शक्यतो ६० दिवसांत निर्णय व्हावा असंही लिहिलंय. माझा अर्ज मार्च २०२१ चा, आदेश डिसेंबर २०२२ चा. मधल्या तारखांना काय काय झालं? वकील आजारी, साहेब रजेवर, स्टेटमेंटची नीट प्रत नाही, से द्यायला मुदत हवी. बाकावर बसून मी आठवीची भूमिती तपासली आहे.

पण एक गोष्ट तो निकाल करून गेला. पोटगी आदेशाच्या तारखेपासून न धरता अर्ज केला त्या तारखेपासून धरायची. मला १२,००० आणि मुलाला १०,००० असे महिन्याला २२,००० ठरले. मी ३५,००० मागितले होते. एकवीस महिन्यांची थकबाकी ४,६२,००० झाली. ती हप्त्यांनी आली, दरखास्त म्हणजे वसुलीचा अर्ज टाकल्यावर. एवढ्यासाठीच, कोणी 'आधी समेटाचं बघू, अर्ज नंतर करू' म्हणालं तर समेटाची बोलणी जरूर करा, पण अर्ज आज दाखल करा.

११. उत्पन्न बदललं की कळवायचं.

शपथपत्राच्या शेवटी एक हमी असते : नोकरी, उत्पन्न, मालमत्ता यांत मोठा बदल झाला तर ताबडतोब न्यायालयाला कळवीन. लोक ती विसरतात. २०२४ मध्ये आम्ही संमतीने वेगळे झालो. समुपदेशक बाईंच्या खोलीत समोरासमोर बसून अटी लिहिल्या. वकीलबाईंनी एक कलम घालायला सुचवलं आणि नवरा चक्क हो म्हणाला : मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत दोघांनी दरवर्षी आयकर विवरणपत्र भरल्यावर महिनाभरात त्याची प्रत एकमेकांना पाठवायची, आणि मुलाचा खर्च त्यावरून ठरवायचा.

आता माझ्याकडे दोन वर्गांत मिळून चाळीस मुलं आहेत. यंदाच्या माझ्या विवरणपत्रात उत्पन्न ३,८४,००० रुपये आहे आणि व्यवसाय शिकवणी. प्रत गेल्या महिन्यात पोस्टाने पाठवली, पोचही आली. त्याची प्रत अजून यायची आहे.